भेगेवरची काचेची पट्टी

नोकरीला लागून चारेक वर्षं झाली असतील. एका जुन्या गोदामाचं छत तपासायला मला पाठवलं. छत म्हणजे विटांची लांबच लांब कमान, पिंप उभं चिरून अर्धा भाग पालथा घातल्यासारखी. आतून वर पाहिलं तर माथ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग, करंगळीचं टोक आत जाईल एवढी. मी मान वर करून पाच मिनिटं उभा राहिलो, वहीत एक आकृती काढली आणि शेरा मारला : धोकादायक, उतरवून आरसीसी स्लॅब घालावा. भेग दिसली की स्ट्रक्चरल इंजिनिअरला जे वाटायला शिकवलेलं असतं, तेच मला वाटलं होतं.

पाडकाम एका टोकाकडून सुरू झालं. पहिला मीटर-दीड मीटर तोडला की उरलेलं छत आपसूक कोसळेल, या हिशेबानं मी सगळ्यांना लांब उभं केलं होतं. कोसळलं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी एक पट्टा कापला. बाकीची कमान भेगेसकट जागच्या जागी. असं रोज चाललं. आठवड्याच्या शेवटी जेमतेम हातभर रुंदीचा पट्टा उरला, दोन्ही भिंतींच्या मधे तरंगत असल्यासारखा. मिस्त्री घाम पुसत म्हणाला, "साहेब, ही काही पडायचं नाव घेत नाही." मी हसलो. शेवटी दोर बांधून ओढून पाडावी लागली.

जे छत आज-उद्या पडेल असं मी लिहून दिलं होतं, ते आठवडाभर करवतत असतानाही पडत नव्हतं, आणि ‘का?’ हा प्रश्न मला पडला नाही. तो पडायला पंचवीस वर्षं लागली. तोही माझा मला नाहीच पडला, माझ्या भाचीनं टाकला.

भाची वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला होती. एक दिवस लाकडाचे तेरा ठोकळे पिशवीत घालून आली. प्रत्येक ठोकळा किंचित पाचरीसारखा कापलेला. "मामा, दोन जाड पुस्तकं दे, एकाच उंचीची." दिली. दोन पुस्तकांच्या मधे पुठ्ठ्याचा अर्धगोल ठेवून तिनं ठोकळ्यांची कमान रचली, मधला शेवटचा ठोकळा बसवला आणि पुठ्ठा हळूच काढून घेतला. कमान उभी. यात नवल काहीच नव्हतं.

"आता डावीकडचं पुस्तक बाहेर सरकव. अगदी हळू."

मी सरकवलं. माथ्याजवळचा सांधा खालच्या बाजूनं उघडला. दोन्ही बगलांना एकेक सांधा वरच्या बाजूनं उघडला. कमान थोडी खचली आणि थांबली.

"पडली?"

"नाही."

"भेगा किती?"

"तीन."

"अजून सरकव."

पुस्तक अंगठ्याच्या रुंदीइतकं सरकलं, भेगा रुंदावत गेल्या, कमान बसकी झाली, पण उभीच. आणखी थोडं सरकवल्यावर ती एकदम, कसलीही कुरकुर न करता, टेबलावर विखुरली. एक ठोकळा कपाटाखाली गेला. तो शोधायला मी गुडघ्यांवर वाकलो होतो आणि त्याच अवस्थेत मला ते गोदाम आठवलं.

माथ्याला खालून उघडलेली भेग. म्हणजे त्या भिंती वर्षानुवर्षांत थोड्या बाहेर कलल्या असणार आणि कमानीनं नव्या अंतराशी जुळवून घेतलं असणार. बगलांच्या दोन भेगा वरून, छपराच्या भरावाखाली. त्या मला दिसल्याच नाहीत, कारण मी वर चढलोच नव्हतो. उघडलेल्या सांध्याशी विटा एका कडेवर टेकून फिरू शकतात, म्हणजे तीन भेगा म्हणजे तीन बिजागऱ्या. आणि तीन बिजागऱ्यांची कमान हे तर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला सगळ्यात आधी सोडवायला देतात ते गणित! सगळी बलं साध्या समीकरणांनी निघतात, टेकू थोडा सरकला तरी तिला फरक पडत नाही. परीक्षेत हे गणित मी पैकीच्या पैकी गुण मिळवून सोडवलं होतं. डोक्यावर प्रत्यक्ष उभी राहिली तेव्हा ओळखलं नाही.

हा ठोकळ्यांचा खेळ भाचीला सापडला होता जॉन ऑक्सनडॉर्फ यांच्या कामातून. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये ते वास्तुकला आणि इंजिनिअरिंग दोन्ही शिकवतात. २००२ साली केंब्रिज विद्यापीठात त्यांनी पीएच.डी. केली. दगड-विटांच्या बांधकामाचे टेकू सरकत गेले तर ते नेमकं कधी कोसळतं, हा त्या अभ्यासातला मुख्य प्रश्न. म्हणजे मी मान वर करून पाच मिनिटांत ज्याचं उत्तर दिलं होतं, त्यावर या माणसानं काही वर्षं घालवली.

त्यांची सुरुवात मात्र कमानीपासून झाली नव्हती. कॉर्नेल विद्यापीठात पदवीचं शिक्षण घेताना त्यांनी इंका लोकांच्या दोरखंडी पुलांचा अभ्यास केला होता. पेरूमध्ये अपुरिमाक नदीवर केस्वाचाका नावाचा असा एक पूल अजून आहे, सुमारे तीस मीटर लांब, निव्वळ गवताचा. आसपासच्या वस्त्यांतली माणसं दर वर्षी जूनमध्ये जमतात, गवत वळून दोऱ्या, दोऱ्या वळून दोरखंड करतात, जुना पूल नदीत सोडून देतात आणि नवा ताणतात. गवत वर्षभर टिकतं, पूल काही शतकं टिकला आहे. आमच्या धंद्यात ‘टिकाऊ’ हा शब्द आम्ही नेहमी मालाला लावतो, सिमेंटच्या गोणीवर छापतात तसा. इथे टिकाऊ काय होतं, हे मला जरा थांबून समजून घ्यावं लागलं.

तर कमान. दगडी बांधकामाबद्दल १९६६ साली केंब्रिजच्याच जॅक हेमन यांनी तीन गृहीतकं स्पष्ट मांडली होती : दगडी बांधकाम ताण, म्हणजे ओढ, घेत नाही, दाबानं चिरडत नाही, आणि दगड एकमेकांवरून घसरत नाहीत. पहिलं कुणालाही पटेल. दुसऱ्याला मी अडखळलो, म्हणून आकडे मांडून पाहिले. चांगल्या वालुकाश्माचा खांब सरळ रचत गेलं तर तळाचा दगड स्वतःच्या वजनानं चिरडायला खांबाची उंची जवळपास दोन किलोमीटर व्हावी लागेल. एवढं उंच कुणी काही बांधलेलं नाही. मोठमोठ्या चर्चमधले दगडसुद्धा आपल्या ताकदीच्या लहानशा अंशावर काम करत असतात. म्हणजे जुन्या बांधकामाला ‘माल किती मजबूत?’ हा प्रश्न विचारून उपयोग नाही. भार ज्या वाटेनं खाली उतरतो ती वाट दगडाच्या जाडीच्या आत राहते का, एवढंच विचारायचं. राहत असेल तर भेगा पडोत, बांधकाम उभं राहतं. आणि वाट जाडीत राहणार की नाही, हे ठरवतो आकार.

ती वाट शोधायची युक्ती लहान मुलालाही करता येईल इतकी सोपी आहे. गळ्यातली साखळी दोन्ही हातांत दोन टोकांना धरून लोंबती सोडा. ती जो आकार घेते त्यात फक्त ताण असतो. तोच आकार जसाच्या तसा उलटा केला की त्यात फक्त दाब उरतो. म्हणजे कमान. इंग्लंडचे शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांना हे १६७५ पर्यंत उमगलं होतं, पण दुसऱ्या कुणी श्रेय लाटू नये म्हणून त्यांनी ते वाक्य लॅटिनमध्ये लिहून त्याची अक्षरं वर्णानुक्रमे लावून छापली. सगळी सी एकत्र, सगळी ई एकत्र. उकल त्यांच्या मृत्यूनंतर, १७०५ मध्ये बाहेर आली. विद्वानांचा हा आपमतलबीपणा मला फार माणसासारखा वाटतो.

त्या साखळीचा माझा आवडता उपयोग मात्र रोममधला. सेंट पीटर्स चर्चच्या घुमटाला, ज्याचा व्यास सुमारे बेचाळीस मीटर आहे, अठराव्या शतकात भेगा दिसू लागल्या आणि पोपनं आधी तीन गणितज्ञांना बोलावलं. ते घाबरले. मग आले पदुआचे प्राध्यापक जोव्हान्नी पोलेनी. त्यांनी घुमटाचे कलिंगडासारखे पन्नास काप कल्पिले, समोरासमोरच्या दोन कापांची एक कमान धरली, तिच्या प्रत्येक भागाच्या वजनाच्या प्रमाणात बत्तीस वजनं एका साखळीत ओवली आणि साखळी लोंबवली. उलटी करून नकाशावर ठेवली तर ती घुमटाच्या जाडीच्या आतच बसत होती. घुमट भेगांसकट सुरक्षित आहे, असं त्यांनी १७४८ च्या अहवालात लिहिलं. तरीही लोखंडी कड्यांचा बंदोबस्त करावा, याला ते अनुकूल होते आणि कडी बसवलीही गेली. हे मला पटतं. घाबरायचं नाही, पण बेफिकीरही राहायचं नाही.

माझ्या हातात त्या दिवशी साखळी नव्हती असं कसं म्हणू? मोजमापाची टेप होती, तीही लोंबते.

ऑक्सनडॉर्फ यांना इतिहासाची आवड असलेले प्राध्यापक म्हणून सोडून देता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी या विचारातून नवी छतं उभी केली. दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर सीमेजवळ मापुंगुब्वे नावाचं जुन्या राज्याचं स्थळ आहे. तिथल्या माहिती केंद्रासाठी वास्तुविशारद पीटर रिच यांच्याबरोबर ऑक्सनडॉर्फ आणि मायकेल रॅमेज यांनी टाइलच्या कमानींची छतं आखली. टाइल भट्टीत भाजलेल्या नव्हत्या. तिथल्याच मातीत थोडं सिमेंट मिसळून हातयंत्रावर दाबलेल्या, सुमारे दोन लाख. करणारी माणसंही आसपासचीच, आधी बांधकामाचा अनुभव नसलेली, त्या कामावर शिकलेली. छतात सळई नाही. २००९ मध्ये जागतिक वास्तुकला महोत्सवात ती वर्षातली सर्वोत्तम इमारत ठरली.

टाइलची कमान बांधतात कशी हे वाचून मला कळेना. नेहमीच्या कमानीला खाली सेंटरिंग, म्हणजे बांधकाम होईपर्यंत पेलून धरणारा लाकडी सांगाडा, लागतं, आणि सेंटरिंगचं लाकूड नि मजुरी हाच निम्मा खर्च असतो. इथे सेंटरिंगच नाही म्हणे. भाची एका कार्यशाळेला निघाली होती, तिच्या मागे लागून मीही गेलो. पन्नाशी ओलांडलेला मी एकटाच.

टाइल जेमतेम इंचभर जाडीची, हलकी. तिच्या दोन कडांना जिप्समचं प्लास्टर लावायचं आणि ती हवेतच, आधी बसवलेल्या शेजारणीच्या कुशीत टेकवून धरायची. मनात वीसपर्यंत मोजायचं. हात काढायचा. टाइल तिथेच राहते. खाली काही नाही, वर काही नाही, दोन कडांवर चिकटलेली, आणि राहते! एक ओळ कमानीसारखी पूर्ण झाली की ती स्वतःचं वजन स्वतः पेलते, मग पुढची ओळ तिला टेकून. आकार चुकू नये म्हणून समोर फक्त वाकवलेली एक बारीक पट्टी. पहिला थर झाला की त्यावर तिरका दुसरा थर सिमेंटच्या मसाल्यात, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही.

मी पहिल्यांदा प्लास्टर कालवलं ते नीट, गुठळ्या मोडून, मनापासून ढवळत बसलो. घमेल्यातच घट्ट झालं. शिकवणारा गवंडी घमेलं बघून म्हणाला, "काका, जेवढं एका टाइलला लागतं तेवढंच कालवायचं. आणि कालवताना विचार करायचा नाही." दुसऱ्या वेळी जमलं. तिसरी टाइल माझ्या हातून तिरकी बसली, ती त्यानं थापीच्या दांड्यानं एकच टोला मारून पाडली, पुन्हा लाव म्हणाला. संध्याकाळपर्यंत माझ्या नावावर अकरा टाइल झाल्या. काही दिवसांनी तीन थर पूर्ण झाल्यावर आम्ही सगळे त्या छतावर चढलो. जाडी वीतभरही नाही, आत एक सळई नाही. खाली उतरेपर्यंत माझे खांदे आखडलेलेच होते. तीस वर्षांची सवय अंगात असते, ती गणितानं जात नाही.

ही रीत भूमध्य समुद्राकाठची, शतकानुशतकांची. राफाएल गुआस्ताव्हिनो नावाचा व्हॅलेन्सियाचा बांधकाम करणारा १८८१ मध्ये ती न्यूयॉर्कला घेऊन गेला. आगीला दाद न देणारं छत ही तेव्हा अमेरिकी शहरांची मोठी गरज होती. त्याच्या मुलाच्या काळात, १९०९ मध्ये, सेंट जॉन द डिव्हाइन या कॅथीड्रलवर तात्पुरता म्हणून घुमट घातला, तोही पंधरा आठवड्यांत आणि खालून परांची न बांधता; गवंडी आदल्या दिवशीच्या कामावर उभे राहून पुढचं काम करत. तो तात्पुरता घुमट अजून आहे. एलिस बेटावर, जिथून लाखो स्थलांतरित अमेरिकेत शिरले, त्या मोठ्या दालनाच्या छतात अठ्ठावीस हजारांहून जास्त टाइल आहेत. १९८० च्या दशकात दुरुस्ती काढली तेव्हा त्यातल्या सतराच बदलाव्या लागल्या. आणि एवढं असून गुआस्ताव्हिनोंची कंपनी १९६२ मध्ये बंद पडली. टाइलमध्ये दोष नव्हता. हात महाग झाले होते आणि काँक्रीट स्वस्त.

इथेच माझी कुरबुर सुरू होते, कारण या विषयावर लिहिणारे बहुतेक जण हा भाग पटकन ओलांडून जातात. माणसाचा वेळ जिथे महाग आहे तिथे ही छतं श्रीमंतांची हौस ठरतात. भूकंपाच्या प्रदेशात सळई नसलेलं जड छत डोक्यावर घ्यायला मी आजही तयार होणार नाही. कमान दोन्ही बाजूंना रेटते. तो रेटा घ्यायला जाड भिंती हव्यात किंवा ताण घेणारी सळई हवी, म्हणजे लोखंड परत आलंच. शिवाय ‘जुनं ते सगळं टिकाऊ’ हा आपला भ्रम असतो. जी जुनी बांधकामं पडली ती आपल्याला भेटायला येत नाहीत. जी भेटतात ती चाळणीतून उरलेली.

आणि माणसांना काय हवं असतं, हे वेगळंच. इजिप्तमध्ये वास्तुविशारद हसन फाथी यांनी आस्वानजवळच्या नुबियन गवंड्यांकडून मातीच्या विटांची, सेंटरिंगविना बांधायची कमान शिकून घेतली आणि १९४० च्या दशकात न्यू गुर्ना हे अख्खं गाव तसं बांधायला घेतलं. सुंदर गाव. ज्यांच्यासाठी बांधलं ते बहुतेक तिथे राहायला गेलेच नाहीत. त्यांना आपली जुनी जागा, तिथलं उत्पन्न सोडायचं नव्हतं, ही मोठी अडचण. घुमटाखाली झोपणंही अनेकांना रुचेना, कारण घुमट त्यांच्या नजरेत थडग्यांवर असायचा. हे गणितात कुठल्या रकान्यात धरायचं?

वर्तमानपत्रात मधूनमधून ‘रोमन काँक्रीटचं रहस्य उलगडलं’ अशी बातमी येते, तिचाही मला कंटाळा आहे. पण २०२३ च्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र मी जपून ठेवली, कारण ती भेगेबद्दल आहे. रोमन काँक्रीटमध्ये चुन्याचे पांढरे खडे सापडतात. नीट न कालवल्याची खूण म्हणून लोक ते सोडून देत. संशोधकांना दिसलं की भेग पडून पाणी आत शिरलं की ते खडे विरघळतात, पुन्हा स्फटिकरूपात बसतात आणि भेग भरून निघते. प्रयोगशाळेत तसं काँक्रीट मुद्दाम तडकवलं, तर दोनेक आठवड्यांत त्यातून पाणी झिरपणं थांबलं. तरी रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिराचा त्रेचाळीस मीटरचा घुमट एकोणीसशे वर्षं उभा आहे, त्याचं श्रेय एकट्या चुन्याला देऊ नये. तळाशी जड खडी, माथ्याकडे प्युमिससारखा तरंगणारा दगड, वर मोकळं भोक. आकार आणि वजन दोन्ही बरोबर. आणि गंजायला आत लोखंडच नाही. त्यालाही भेगा आहेत, उभ्या, जुन्या.

लोखंड गंजतं हे सांगायला मला रोमपर्यंत जायची गरज नव्हती. त्या गोदामावर मी घातलेला स्लॅब बावीस वर्षांनी बघायला बोलावलं होतं. खालच्या बाजूनं प्लास्टर ढासळलं होतं, सळया उघड्या पडून फुगल्या होत्या. गंजलं की लोखंड जास्त जागा मागतं आणि काँक्रीट फोडून ती घेतं. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, कमी पडलं होतं, आणि ते काम माझ्या देखरेखीखालचं. वीट-चुन्याच्या त्या कमानीचं वय किती होतं हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी मालकांना विचारलं. ते म्हणाले, "आजोबांच्या वेळची. तुम्हीच नाही का पाडायला सांगितली?" आवाजात राग नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

ऑक्सनडॉर्फ यांच्याच हाताखाली तयार झालेले फिलिप ब्लॉक आता झुरिकला शिकवतात. त्यांच्या गटानं २०१६ मध्ये व्हेनिसच्या प्रदर्शनात ३९९ चुनखडी दगडांचं एक छत रचलं, मसाला नाही, चिकटवण नाही, सगळ्यात पातळ जागी जाडी पाच सेंटिमीटर. प्रत्येक दगडाचा आकार संगणकानं काढलेला, यंत्रानं कापलेला. पोलेनींची साखळी तीच, फक्त आता ती सगळ्या दिशांना एकदम लोंबते. तोच गट काँक्रीटचे मजलेही कमानीच्या आकारात ओततो, दोन सेंटिमीटरचं कवच आणि वर फासळ्या. मला यातलं हे जास्त महत्त्वाचं वाटतं. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला सुमारे आठ टक्के वाटा सिमेंटचा आहे आणि त्यातलं पुष्कळसं आपण सपाट स्लॅबमध्ये ओततो. अशा स्लॅबचा खालचा भाग ताणात असतो, तिथलं काँक्रीट सळई झाकण्यापलीकडे फारसं काही करत नाही. मी किती ओतलं असेल, याचा हिशेब एकदा मांडायला बसलो होतो. अर्ध्यात वही मिटली.

अलीकडे एका जुन्या वास्तूची कमान बघायला बोलावलं होतं. माथ्याला भेग. मालकीणबाईंनी आधीच दोघांचं मत घेतलं होतं. एकानं इंजेक्शन मारून भरा म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं पाडा. या वेळी शिडी मागवून वर चढलो, भराव थोडा काढला. बगलांशी दोन भेगा होत्या, अपेक्षेप्रमाणे. भिंतीचा कल मोजला. मग जुनाच उपाय केला : भेगेवर आडवी काचेची बारीक पट्टी, दोन टोकांना प्लास्टरच्या टिकल्या, टिकलीवर पेन्सिलीनं तारीख. भेग हलत असेल तर काच तडकते.

"म्हणजे करायचं काय?" बाईंनी विचारलं.

"बघत राहायचं."

त्यांचं समाधान झालं नाही हे दिसत होतं. एवढे पैसे घेऊन इंजिनिअर काच चिकटवून जातो म्हणजे काय? तरी दर पावसाळा संपला की मी एकदा जाऊन येतो. भाची जमेल तेव्हा बरोबर असते, शिडी ती धरते. गेल्या खेपेला काचेवर कोळ्यानं जाळं विणलं होतं. फुंकर मारून बाजूला केलं. काच अखंड होती, तारीख मात्र पुसट झाली होती. वरूनच भाचीकडे पेन्सिल मागितली.